क्लॅमथची ८ लाख ३० हजार पिल्लं : एका मरतुकीचा तपास

सोमवार, २६ फेब्रुवारी २०२४. कॅलिफोर्नियाच्या अगदी उत्तरेला, ऑरेगनच्या हद्दीजवळ, फॉल क्रीक नावाचा ओढा क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात उतरतो. त्या दिवशी या ओढ्यात चिनूक या जातीच्या सॅल्मन माशाची सुमारे ८ लाख ३० हजार पिल्लं सोडण्यात आली. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाची साडेतीन कोटी डॉलरची नवी हॅचरी, म्हणजे मत्स्यबीज केंद्र, इथे उभी राहिली होती, आणि तिच्यातून चिनूकची पिल्लं पहिल्यांदाच नदीकडे निघाली होती. तो आठवडा संपायच्या आत नदीच्या खालच्या अंगाला पिल्लं मोजायला लावलेल्या ट्रॅपांमधून मेलेली पिल्लं येऊ लागली. शनिवारी, २ मार्चला, विभागाने स्वतःच जाहीर केलं की सोडलेली पिल्लं मेली असावीत.

एवढी पिल्लं एकदम कशाने मेली? बाहेरून बघणाऱ्याला उत्तर समोरच दिसत होतं. नदी चहासारखी गढूळ वाहत होती. धरणांमागे साठलेला कित्येक दशकांचा गाळ त्याच हिवाळ्यात मोकळा झाला होता. गाळ कल्ल्यांत बसला, पाण्यातला प्राणवायू संपला, पिल्लं गुदमरली, असं कोणीही म्हणालं असतं आणि अनेकजण म्हणालेही. हे उत्तर चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे कशावरून कळलं, हाच या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग आहे.

त्या हिवाळ्यातली नदी

क्लॅमथ ऑरेगनमध्ये उगम पावते आणि कॅलिफोर्नियात पॅसिफिकला मिळते. यूरोक, कारुक, हूपा, क्लॅमथ अशा अनेक आदिवासी समाजांचं जगणं या नदीवर आणि तिच्यात चढणाऱ्या माशांवर उभं आहे. नदीच्या वरच्या भागात वीजनिर्मितीसाठी चार धरणं होती : कॉप्को १ हे १९१८ चं, कॉप्को २ हे १९२५ चं, जे. सी. बॉईल १९५८ चं, आणि सगळ्यांच्या खाली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचं आयर्न गेट. समुद्रातून साधारण ३०० किलोमीटर वर चढून आलेला सॅल्मन किंवा स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) आयर्न गेटच्या भिंतीपाशी थांबायचा. पुढे जायला वाटच नव्हती.

कोकणात मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्या-वहाळांतून वर धावणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना या अडवणुकीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. फक्त इथला मासा समुद्रात दोन-चार वर्षं काढून, जन्मलेल्या पाण्याचा वास धरून परत येतो, अंडी घालतो आणि चिनूक असेल तर तिथेच मरतो.

अनेक वर्षांच्या लढ्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये धरणं पाडायला केंद्रीय परवानगी मिळाली. कॉप्को २ हे २०२३ मध्येच गेलं. उरलेल्या तिघांचे जलाशय जानेवारी २०२४ मध्ये रिकामे करायला सुरुवात झाली, पहिला आयर्न गेटचा, ११ जानेवारीला. भिंत मात्र लगेच पाडता येत नाही. आधी पाणी उतरवायचं, मातीचा भराव सुकू द्यायचा, मग उन्हाळ्यात यंत्रं लावायची. तोपर्यंत नदीला भिंतीपलीकडे जायला एकच वाट होती, धरणाच्या पायथ्याचा जुना बोगदा.

फॉल क्रीक आयर्न गेटच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे तिथे सोडलेल्या प्रत्येक पिल्लाला समुद्राकडे जाताना याच बोगद्यातून जावं लागणार होतं.

तरीही ओढ्यातच का सोडली? कारण पिल्लू लहानपणी ज्या पाण्यात वाढतं त्याची खूण त्याच्या मनात बसते आणि मोठेपणी ते तिथेच परततं. धरणं गेल्यावर मासे वरच्या ओढ्यांत परत यावेत, ही सगळ्या खटाटोपाची आशा. ती आशा चुकीची नव्हती.

ट्रॅपवरची सकाळ

आता खालच्या अंगाला काय चाललं होतं ते पाहू. क्लॅमथमध्ये दरवर्षी हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळा सुरू होईपर्यंत ठरावीक जागी स्क्रू ट्रॅप लावले जातात. राज्याचा विभाग, केंद्राची मत्स्य सेवा आणि आदिवासी समाजांचे स्वतःचे मत्स्यविभाग हे काम करतात, आणि त्यातली बरीच माणसं हंगामी असतात. फेब्रुवारीत नेमणूक, जून-जुलैत सुट्टी.

स्क्रू ट्रॅप म्हणजे दोन तरत्या पोंटूनांच्या मधे आडवा बसवलेला जाळीच्या पत्र्याचा मोठा शंकू. त्याचं रुंद तोंड वरून येणाऱ्या प्रवाहाकडे, अर्धं पाण्यात अर्धं वर. आत मळसूत्रासारखी पाती असते. प्रवाह त्या पातीवर ढकलला की शंकू सावकाश फिरू लागतो, मोटार लागत नाही. त्यात शिरलेलं पिल्लू पातीच्या फेऱ्याबरोबर मागे सरकतं आणि शेवटच्या पेटीत पडतं. परत फिरायला त्याला जागा नसते. हे सगळं धूड वरच्या काठाला तारेच्या दोराने बांधलेलं असतं. पिल्लं बहुतेक रात्री प्रवास करतात, म्हणून पेटी सकाळी उघडायची.

पहाटेच्या थंडीत छातीपर्यंतचे रबरी बूट घालून माणूस त्या फळीवर चढतो तेव्हा पहिलं काम मासे मोजण्याचं नसतं. शंकूचे मिनिटाला फेरे किती ते घड्याळ लावून मोजायचं, पाण्याचं तापमान घ्यायचं, पेटीत साठलेली पानं, काटक्या, शेवाळ हाताने उपसायचं. या कचऱ्याखाली दबून पिल्लं मरतात. नदी चढली असेल आणि ओंडके येत असतील तर शंकू वर उचलून ठेवावा लागतो, नाहीतर दिवसातून दोन-तीनदा, कधी रात्रीही, पेटी रिकामी करावी लागते. गाळाच्या हिवाळ्यात तर हे काम कितीतरी वाढतं.

मग मासे. बारीक जाळीने बादलीत घ्यायचे, बादलीत हवा सोडणारा पंप चालू. पाण्यात गुंगीचं औषध मापाने टाकायचं, पिल्लू शांत झालं की ओल्या हाताने उचलून मोजपट्टीवर ठेवायचं आणि तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची. जात ओळखायची. चिनूक, कोहो (सॅल्मनचीच आणखी एक जात) आणि स्टीलहेड यांची पिल्लं नवख्याला सारखीच दिसतात : अंगावर उभे काळसर पट्टे, पोट पांढुरकं. सरावाच्या डोळ्याला फरक दिसतो. कोहोच्या पोटाखालच्या मागच्या पराची पुढची कड पांढरी आणि लांब असते, कोयत्यासारखी वळलेली. स्टीलहेडच्या पाठीच्या परावर ठिपके असतात.

वयही ओळखावं लागतं, आणि या प्रकरणात तेच कामाला आलं. शरद ऋतूत चढणाऱ्या चिनूकची बहुतेक पिल्लं खडीतून वर आल्यावर काही महिन्यांतच समुद्राकडे निघतात. कोहो वर्षभर गोड्या पाण्यात राहतो. स्टीलहेड एक ते तीन वर्षं. म्हणून फेब्रुवारीच्या पेटीत एकाच वेळी करंगळीच्या दोन पेरांएवढी यंदाची चिनूक पिल्लं आणि बोटाहून लांब, गेल्या वर्षीची, अंगावर चांदी चढू लागलेली पिल्लं मिळतात. आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रातला माणूस म्हणेल, एक मत्स्यबीज आणि दुसरी बोटुकली.

नदीतली सगळी पिल्लं ट्रॅपमध्ये येत नाहीत, थोडीच येतात. किती टक्के, हे काढायला काही पिल्लांना रंगाच्या पाण्यात ठेवून किंवा शेपटीच्या पराचा कण कापून खूण करतात आणि ट्रॅपच्या वर नेऊन पुन्हा सोडतात. समजा ५०० खुणेची सोडली आणि २५ परत सापडली, तर ट्रॅप शंभरातली ५ पकडतो. मग त्या काळात बिनखुणेची ३०० मिळाली असतील तर नदीतून साधारण ६ हजार गेली असा हिशेब. हे प्रमाण पाणी चढलं-उतरलं की बदलतं, म्हणून खुणा पुन्हा पुन्हा करायच्या. स्टीलहेडचं प्रमाण तर हाती लागायलाच कठीण, कारण ती मोठी, ताकदवान पिल्लं शंकूच्या तोंडाशी वळून निसटून जातात.

आणि रोजच्या तक्त्यात एक रकाना मेलेल्यांचा. हा रकाना भरणं सोपं वाटतं, तसं ते नाही. पिल्लू ट्रॅपमध्ये येऊन मेलं की मेलेलंच वाहत आलं? कल्ले अजून लाल आहेत की पांढरे पडलेत? अंग लवचिक आहे की ताठ? कचऱ्याखाली दबलं होतं का? पेटीतली मरतूक आपली चूक असते, ती कबूल करून लिहायची. वाहत आलेलं मेलेलं पिल्लू ही नदीची बातमी असते. या दोन गोष्टी रोज वेगळ्या लिहायच्या, कोणी विचारत नसलं तरी.

मेलेल्या पिल्लांचं वाचन

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत मेलेली पिल्लं आली ती अशा लोकांसमोर, ज्यांना या नदीतल्या मरणाचे वेगवेगळे चेहरे माहीत होते.

सप्टेंबर २००२ मध्ये क्लॅमथच्या खालच्या टप्प्यात अधिकृत अंदाजाने ३४ हजारांहून अधिक मोठे मासे मेले. पाणी कमी आणि कोमट, मासे दाटीने उभे, आणि त्यांच्यात कल्ल्यांचे रोग पसरले. मे २०२१ मध्ये यूरोक समाजाच्या मत्स्यविभागाने सांगितलं की त्यांच्या ट्रॅपमध्ये येणाऱ्या चिनूक पिल्लांपैकी ७० टक्क्यांहून अधिक मेलेली आहेत, आणि शास्ता व स्कॉट या उपनद्यांच्या मधल्या टप्प्यात पकडलेल्या ९७ टक्के पिल्लांत सेराटोनोव्हा शास्ता हा परजीवी आहे. हा परजीवी नदीच्या तळाशी राहणाऱ्या एका बारीक किड्यातून पिल्लांत शिरतो आणि आतडी पोखरतो. धरणांखालचं एकसारखं, खडी न हलवणारं पाणी त्या किड्याला मानवतं. ती बातमीही आली होती ती रोज सकाळी पेटी उघडणाऱ्या लोकांकडूनच.

२०२४ च्या फेब्रुवारीत हा परजीवी असू शकत नव्हता. लागण झाल्यापासून मरेपर्यंत त्याला आठवडे लागतात, तेही पाणी तापू लागल्यावर. ही पिल्लं तर हॅचरीतून निघून काही दिवसच झाले होते.

गाळाचा संशय अधिक बळकट होता. जलाशय उतरले तेव्हा जानेवारीच्या अखेरीस नदीतला प्राणवायू काही काळ फारच खाली गेला होता. पण मोजमाप यंत्रं नदीत बसवलेली होती. २६ फेब्रुवारीला आणि त्याआधीच्या दिवसांत गढूळपणा आणि प्राणवायू दोन्ही पिल्लांना सोसेल अशा पातळीवर होते. आणखी महत्त्वाचं म्हणजे त्याच ट्रॅपांमध्ये कोहो आणि चिनूकची वर्षभराची पिल्लं येत होती, आणि ती जिवंत, धडधाकट होती. ती धरणाच्या खालच्या अंगाची होती. पाणी तेच, गाळ तोच, दिवस तेच. बोगद्यातून न आलेली जगत होती आणि बोगद्यातून आलेली मरत होती.

प्रयोगशाळेत असा प्रयोग मांडायचा तर दोन टाक्या, दोन गट, सगळी परिस्थिती सारखी आणि एकच फरक, अशी मांडणी करावी लागते. इथे ती मांडणी नकळत नदीतच झाली होती. मोठी पिल्लं लहानांपेक्षा कणखर असतात, हा आक्षेप मलाही सुचला, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण तिसरा पुरावा मेलेल्या पिल्लांच्या अंगावरच होता. त्यांचं दिसणं वायूच्या बुडबुड्यांच्या आजाराकडे बोट दाखवत होतं.

हा आजार समजायला सोड्याची बाटली पुरेशी आहे. झाकण घट्ट असेपर्यंत वायू पाण्यात विरघळलेला असतो, दिसत नाही. झाकण उघडलं, दाब गेला, की बुडबुडे उसळतात. माशाच्या रक्तातही वायू विरघळलेला असतो. खोल, दाबाखालच्या पाण्यातून पिल्लू क्षणात उथळ पाण्यात फेकलं गेलं, किंवा वेगाने आपटणाऱ्या पाण्यात हवा दाबून कोंबली गेली, की तोच वायू अंगातल्या अंगात बुडबुडे होऊन बाहेर पडतो. परांच्या पातळ पडद्यात, त्वचेखाली, डोळ्यांमागे, कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांत. डोळे बाहेर येतात. कल्ल्यातलं रक्त अडतं. बोटभरही लांबी नसलेल्या पिल्लाला यातून सावरायला वेळच मिळत नाही.

हे काही नवं ज्ञान नव्हतं. कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरच्या मोठ्या धरणांखाली हा आजार १९६० च्या दशकापासून माहीत आहे. अमेरिकेचा पाण्याच्या गुणवत्तेचा निकष विरघळलेल्या वायूंना ११० टक्के संपृक्ततेची (पाण्यात एरवी मावेल त्याच्या ११० टक्क्यांची) मर्यादा घालतो ती यासाठीच. तिथल्या हंगामी तुकड्या सॅल्मन-स्टीलहेडची पिल्लं भिंगाखाली धरून परांत आणि डोळ्यांत बुडबुडे आहेत का हे नेमाने तपासतात. विभागाच्या जीवशास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा : आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना या पिल्लांना तीव्र स्वरूपात हा आजार झाला.

काय चुकलं, काय बरोबर झालं

माझं मत स्पष्ट सांगतो. पिल्लं त्या दिवशी, त्या जागी, त्या संख्येने सोडण्याचा निर्णय चुकला. भिंत अजून उभी होती. वाट एकच होती, आणि ती पिल्लांसाठी बांधलेली नव्हती. अशा ठिकाणी आधी काही हजार खुणेची पिल्लं सोडायची, दोन-तीन रात्री खालचे ट्रॅप बघायचे, आणि ती जिवंत पोचली तरच पुढची सोडायची, एवढी सावधगिरी परवडण्यासारखी होती. खुणा करायची साधनं होती, ट्रॅप लावलेले होते, ते चालवणारी माणसं रोज नदीवर होतीच. सोडणारे आणि मोजणारे यांच्यात जो क्रम हवा, तो उलटा झाला.

पण पुढचं जे झालं ते मला आदर वाटावा असं आहे. पाच दिवसांत विभागाने संख्या, ठिकाण, तारीख आणि कारण, सगळं लोकांसमोर ठेवलं. हॅचरीत अजून सुमारे ३२ लाख ७० हजार चिनूक पिल्लं सुखरूप आहेत आणि धरण निघेपर्यंत यापुढची सगळी आयर्न गेटच्या खाली सोडली जातील, हेही सांगितलं. धरणं पाडायला विरोध असणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळणार हे दिसत असूनही सांगितलं. धरणं गेल्यामुळे पिल्लं मेली, असा प्रचार झालाच. वस्तुस्थिती उलट होती : धरणाचा उरलेला भाग अजून नदीत उभा होता, म्हणून ती मेली.

एका गोष्टीत मात्र सावध राहायला हवं. ८ लाख ३० हजार हा सोडलेल्या पिल्लांचा आकडा आहे, मेलेल्यांचा मोजून काढलेला नव्हे. ट्रॅप नदीतला एक तुकडा चाळतो. त्यावरून सगळ्यांबद्दल अनुमान काढावं लागतं, आणि म्हणूनच विभागाने ‘मेली असावीत’ असंच म्हटलं. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक राहिला नाही. तसंच, एवढ्या लहान वयात सोडलेल्या हॅचरीच्या शंभर पिल्लांतलं एकही मोठं होऊन परततंच असं नाही. त्यामुळे मेलेलं पिल्लू क्षुल्लक ठरत नाही, पण पुढच्या वर्षांतलं नुकसान मोजताना परतले असते अशा माशांचा हिशेब करावा लागेल, पिल्लांचा नव्हे.

मला राहून राहून वाटतं ते असं. समजा त्या हिवाळ्यात गाळामुळे ट्रॅप चालवणं अवघड आहे म्हणून हंगाम रद्द केला असता. कचरा फार, पाणी गढूळ, माणसं थकलेली, कारणं खरी होती. मग काठाला लागलेली मेलेली पिल्लं कोणाला तरी दिसली असती आणि दोष गाळाला गेला असता. बोगद्याचं नाव निघालं नसतं. पुढची ३२ लाख पिल्लंही कदाचित त्याच ओढ्यात सोडली गेली असती.

आयर्न गेटची भिंत त्याच वर्षी निघाली आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीपर्यंत चारही धरणांचं पाडकाम पूर्ण झालं. १६ ऑक्टोबरला ऑरेगनच्या मत्स्यविभागाच्या जीवशास्त्रज्ञांना जे. सी. बॉईलच्या जुन्या जागेच्या वर, एका उपनदीत, चिनूक दिसला. क्लॅमथ खोऱ्याच्या ऑरेगनमधल्या भागात समुद्रातून चढून आलेला १९१२ नंतरचा पहिला.

फॉल क्रीकमध्ये सोडलेली ती पिल्लं जगली असती तर चिनूकच्या आयुष्यमानाप्रमाणे त्यांतली बहुतेक २०२६ आणि २०२७ च्या शरद ऋतूत तीन-चार वर्षांची होऊन नदीत चढली असती. त्या दोन हंगामांत परतणाऱ्या माशांचे खवले काढून त्यांच्यावरची वर्षांची वलयं मोजली जातील, आणि २०२४ मध्ये समुद्राकडे निघालेल्यांच्या रकान्यात किती कमी पडतात ते दिसेल. तोवर दर फेब्रुवारीला शंकू पाण्यात उतरतो, आणि पहिल्या सकाळी पेटी उघडणारा माणूस मेलेलं पिल्लू हातात घेऊन आधी त्याचे डोळे आणि पर उजेडात धरून पाहतो.